गणपतीच्या आधी घरीच पोकर टेबल बनवायचंय, आपल्याकडच्या दमट हवेत टिकेल असं कसं करू?

पालशेतचा_बाळ्या

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळायचं नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात पालशेतला. गणपतीला मुंबई, पुणे, चिपळूण सगळीकडून भावंडं येतात, पाच दिवस घर भरलेलं असतं आणि रात्री आरती भजन आटपलं की पत्ते. आजोबांच्या वेळेपासून मेंढीकोट, लाडीस, तीनशेचार हेच चालायचं, गेल्या वर्षी आतेभावाने सगळ्यांना पोकर शिकवलं, ते टेक्सस होल्डेम, हातात दोन पत्ते आणि मध्ये पाच उघडे. सगळ्यांना एवढं आवडलं की दोन रात्री पहाटेपर्यंत खेळलो. चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या, नव्हत्या म्हणून आजीकडचे चिंचोके घेतले.

पण खेळलो चटईवर. त्यात झालं असं की चटईवरून पत्ता उचलायला जावं तर कोपरा दुमडतो आणि शेजारच्याला दिसतो, चिंचोके घरंगळतात, आणि मुख्य म्हणजे आमच्या काकांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही. आम्हाला सगळ्यांना पत्ते शिकवले तेच त्यांनी, आणि ते दाराशी खुर्ची टाकून लांबून बघत बसले होते. ते मला फार लागलं. म्हणून ठरवलंय की यंदा टेबल हवंच, आणि काका धरून नऊ जण बसले पाहिजेत.

माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, जिगसॉ आहे, रंधा आहे. बजेट १५ हजारांपर्यंत. गोठ्याचं छप्पर बदललं तेव्हा उतरवलेला फणसाचा एक जुना वासा पडून आहे तो वापरता आला तर बरंच. व्हिडिओ बघितले बरेच, त्यात सगळे एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, घेतात, वर फोम चिकटवतात, त्यावर कापड चिकटवतात, झालं. पण आपल्याकडे ते चालेल का ही शंका आहे, मृग लागलाय आणि आत्ताच घरातली चामड्याची चप्पल हिरवी झालीये. दुसरी अडचण म्हणजे जुन्या घराचं दार, रुंदी जेमतेम २ फूट ८ इंच, त्यामुळे टेबल मधून दुमडणारं करावं लागेल असं वाटतंय. प्लाय कुठलं, माप काय, कापड कसलं, सगळंच सांगा.

रंधा_आणि_पटाशी

बाळ्या भाऊ, एमडीएफ डोक्यातून काढून टाका. त्याची कापलेली कड एकदा पाणी प्यायली की फुगते आणि वाळल्यावर परत बसत नाही, शिवाय कडेला स्क्रू धरत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर असतो तिथे ते एक पावसाळासुद्धा नीट काढणार नाही. प्लाय घ्या, आणि दुकानदार तोंडाने मरीन मरीन म्हणतो त्यावर जाऊ नका, शीटवर आयएस ७१० असा शिक्का असतो, ते मरीन प्लायचं मानक, तो स्वतः बघा. आयएस ३०३ मध्ये बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारं, असं लिहिलेलं असेल तर घरातल्या वापराला तेही चालतं, पण किनाऱ्यावर घर आहे तर मी ७१० च घेईन.

आता दार. भाऊ तुम्ही टेबल आडवं धरून विचार करताय म्हणून अडताय. टेबलाचा वरचा भाग काढता आला की तो एक जाडजूड फळीच झाला ना, कडेवर उभा करा आणि सरळ आत न्या, मग दाराला फक्त उंची लागते. ४२ इंच रुंदीचा टॉप कडेवर उभा केला तर ४२ इंच उंच, तुमचं दार कितीही ठेंगणं असलं तरी तेवढं असणारच. दारात अडतात ते पाय. म्हणून पाय सुटे करा आणि टॉप अखंड ठेवा, मध्ये सांधा अजिबात नको, कारण तो सांधा पावसात एका बाजूने वर येतो आणि बरोबर तिथेच पत्ता अडकतो. फक्त एक मापून बघा, दारातून आत गेल्यावर माजघरात वळायला सात फूट लांबी मिळते का, नाही मिळाली तर मागच्या पडवीतून आणा.

माप असं घ्या. एका माणसाला कडेची २४ इंच जागा लागते, त्याहून कमी झाली तर कोपर कोपराला लागतं. प्लायची शीट ८ बाय ४ फूट असते. व्हिडिओत दाखवतात तसं पूर्ण शीटचं ओव्हल केलं तर दहा जण बसतात पण घरात ते फार होतं. ७ फूट लांब आणि ४२ इंच रुंद घ्या, दोन टोकांना अर्धवर्तुळ आणि मधली बाजू सरळ. मग सरळ भाग दोन्हीकडे ४२ ४२ आणि गोलाई दोन्ही मिळून १३२, एकूण २१६ इंच, भागिले २४ म्हणजे बरोबर नऊ माणसं. काका धरून. अष्टकोनी करायचा मोह होईल कारण सरळ कापायला सोपा, पण ४ फुटी अष्टकोनाची बाजू २० इंचसुद्धा भरत नाही, हाताच्या प्लास्टिक खुर्च्या लावल्या की आठ जण बसतच नाहीत.

आखायला सोपं आहे, टोकापासून २१ इंचावर मधोमध खिळा मारायचा, त्याला न ताणणारी दोरी बांधायची, २१ इंचावर पेन्सिल, आणि अर्धा फेरा. दुसऱ्या टोकाला तसंच.

दोन शीट लागतील. १८ एमएमची एक, तो तळ. १२ एमएमची दुसरी, तिच्यातून तेच ओव्हल कापायचं आणि मग आतून ४.५ इंच सोडून परत कापायचं, म्हणजे बाहेरची कडी निघते तिच्यावर हात टेकायची गादी येते आणि आतला जो तुकडा उरतो ७५ बाय ३३ इंचाचा तो तुमचा खेळायचा पट. एकाच शीटमधून दोन्ही, त्यामुळे गोलाई आपोआप जुळते. जिगसॉचं पातं घालायला भोक पाडाल ते कडीच्या बाजूला पाडा, वर रेक्झिन येतं त्यात झाकलं जाईल. पट कापून झाल्यावर चारी बाजूंनी अजून २-३ एमएम घासून काढा कारण फोम आणि कापडाची जाडी कडेने पण येते, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती आणि कापड चढवल्यावर पट आत बसेना, मग सगळ्या पिना काढून परत केलं.

पालशेतचा_बाळ्या

दादा तुम्ही दाराचं सांगितलंत आणि डोक्यावरचं ओझंच उतरलं, मी चार दिवस बिजागऱ्या शोधत होतो. माजघरात सात फूट वळत नाही पण मागच्या पडवीतून येईल, आत्ताच टेप लावून बघितलं.

कापड आणि फोमचं कोणी सांगेल का? इकडे दुकानात सोफ्याचा फोम आणि वेल्वेट एवढंच मिळतंय.

कुशनवाला_कणकवली

वेल्वेट नको. त्याला लव असते, पत्ता सरकवला की अर्ध्यात थांबतो आणि काही दिवसांनी जिथे पत्ते वाटता तिथे लव दबून चट्टे पडतात. मी सोफा कुशनचं काम करतो, काही वर्षं पणजीत होतो तेव्हा खेळायच्या टेबलांचं कापड बदलायची कामं केलीयत, त्यामुळे यातलं मनापासून सांगतो.

आधी फोम. सोफ्याचा फोम म्हणजे स्पंज, त्याची भोकं उघडी असतात, हवेतलं पाणी पितो आणि कापडाखाली वाळतच नाही, मग वास. पटाला तो घालू नका. पटाला लागतो बंद पेशीचा फोम, ईव्हीए म्हणून शीट मिळते, किंवा क्रॉसलिंक म्हणतात तो, लाकडी फ्लोअरिंगच्या खाली अंथरतात ना पातळसा तसाच. ५-६ एमएम पुरे. जाड घेतला तर चिप्सचा मनोरा कलतो आणि पत्ता रुतून बसतो, नखाने उचलावा लागतो. कडेच्या गादीला मात्र १ इंची चांगल्या डेन्सिटीचा फोम घ्या, ४० डेन्सिटी मागा, तिथे कोपरं टेकायची असतात आणि वर रेक्झिन असल्यामुळे वरून ओल जात नाही.

कापड पॉलिस्टरचं घ्या, गुळगुळीत विणीचं. पोकरसाठी स्पीड क्लॉथ म्हणून ऑनलाइन मिळतं, त्यावर पाणी सांडलं तर थेंब वर राहतो, पुसून टाकायचा. ते महाग वाटलं तर पॉलिस्टर स्वेडमधलं पातळ बघा आणि घेण्याआधी दुकानातच त्याच्यावर एक पत्ता भिरकावून बघा, दोन फूट गेला पाहिजे. बिलियर्डचं लोकरी कापड सुंदर असतं पण आपल्या हवेत त्याला कसर लागते. सुती तर नकोच, बुरशी पहिली सुतावर येते. पन्हा ६० इंच मिळाला तर सव्वादोन मीटर पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापड चिकटवू नका. व्हिडिओवाले स्प्रे मारून चिकटवतात कारण त्यांच्याकडे हवा कोरडी आणि ते परत कधी उघडायचं नसतं. फोम तेवढा प्लायला चिकटवा, त्यावर कापड नुसतं ताणून पटाच्या खालच्या बाजूला पिना मारा. आधी लांब बाजूच्या मधोमध एक पिन, मग बरोबर समोर, मग दोन्ही टोकं, आणि गोलाईला शेवटी, बारीक बारीक चुण्या खाली घेत. दोन वर्षांनी पिना काढायच्या, कापड धुवायचं, उन्हात वाळवायचं, परत चढवायचं. पिना स्टेनलेसच्या मागा, साध्या पिना खाऱ्या हवेत गंजतात आणि गंज कापडाला लागला की जात नाही. रेक्झिनचा पन्हा ५४ इंच असतो, अडीच मीटर घ्या, ताणलं जाणारं बघा म्हणजे टोकांना सुरकुत्या पडत नाहीत.

कडी तळाला स्क्रूने ठोकून टाकू नका. कडीत वरून टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट, बसवा फोमच्या खाली आणि तळाच्या खालून बोल्ट घ्या, आठ बोल्ट बास. म्हणजे चार बोल्ट इकडचे चार तिकडचे काढले की गादी वेगळी. पट नुसता आत बसलेला असतो, तो उचलायला तळाला मधोमध दोन बोटं जातील असं भोक ठेवा, खालून ढकललं की वर येतो. त्या भोकातून हवा पण खेळते.

वेंगुर्ल्याची_मामी

वरच्या दोघांनी बनवायचं सांगितलं, मी ठेवायचं सांगते, कारण टेबल खेळताना खराब होत नाही, बाकीचे ११ महिने पडून राहतं तेव्हा होतं. आमच्या मुलाने असंच हौसेने टेबल केलं होतं, दोन महिने खपून, आणि गणपती झाल्यावर पडवीत चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. वरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला, पाऊस लागू नये म्हणून. पुढच्या श्रावणात उघडलं तर आत पांढऱ्या बुरशीचा थर, कापड हाताला चिकटत होतं. प्लास्टिकने बाहेरचा पाऊस थांबला पण आतली ओल आतच कोंडली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. तर प्लास्टिक नको, जुनी सुती चादर टाका. भिंतीला टेकवू नका, मध्ये दोन पट्ट्या लावून चार बोटं जागा सोडा, आणि जमिनीवर पण ठेवू नका, खाली विटा नाहीतर लाकडाचे ठोकळे, वाळवी जमिनीतूनच येते. आणि जमलं तर ठेवूच नका, वापरा. त्यावर ६ एमएम प्लायचं झाकण करून घ्या, तेच जेवायचं टेबल होतं, नऊ माणसांचं जेवायचं टेबल कुठल्या घरात नको असतं? रोज हात फिरतो, हवा लागते, ते टिकतं.

दुसरं पत्ते. कागदाचे पत्ते गणपतीच्या दिवसात दुसऱ्या रात्रीच मऊ पडतात, पिसले जात नाहीत. पूर्ण प्लास्टिकचे घ्या, ते धुता येतात. कागदाचेच असतील तर रात्री पापडाच्या डब्यात टाकत जा.

माझं माहेर सावंतवाडीचं. तिथे राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात ते बघायला एकदा भावंडांना घेऊन जा, गोल पानं असतात, हाताने रंगवून वर लाखेचा हात दिलेला. दशावतारी गंजिफा १२० पानांची, दहा अवतारांचे दहा रंग आणि एका रंगाची बारा पानं. आपल्याकडे पत्त्यांचं हे एवढं जुनं वेड आहे, तुमच्या काकांना नक्की आवडेल.

देवगडचो_झील

माका सुतारकीतला काय कळणा नाय, पण एक सांगतंय. चिंचोकेच ठेवा रे. आमच्या शेजारच्या वाडीत गणपतीत हौसेन बसलेले, मगे हळूहळू पैशे लावल्यानी, एका रात्री पोलीस इले आणि ज्येच्या घरात बसलेले तेकाच आधी धरल्यानी. जुगाराचो कायदो १८८७ चो, पण अजून लागू आसा. घर बाळ्याचा, टेबल बाळ्याचा, म्हणजे नाव पण बाळ्याचाच येतला. आमी काजीचे बियो घेतंव, ओले नाय, सुके, आणि जो जिंकता तेका सकाळी भाजून. पोरांक पण बसवूक येता मगे.

पालशेतचा_बाळ्या

पैशाचा प्रश्नच नाही दादा, आजी घरातून हाकलेल. काजूच्या बियांची आयडिया मस्त आहे, चिंचोके १, बी ५ आणि मोठी कवडी २५ असं करता येईल.

मामी, झाकणाचं आईला वाचून दाखवलं, टेबलाला तिचा विरोध होता तो तिथेच संपला.

आता वासा राहिला. कापायला सांगू का? कशाला वापरू? कडीला वर फणसाची पट्टी दिली तर फार सुंदर दिसेल असं डोक्यात आहे.

रंधा_आणि_पटाशी

आधी वासा ठोकून ऐका, टोकापासून टोकापर्यंत. खणखणीत आवाज आला तर आत शाबूत, बदबद आवाज आला त्या ठिकाणी भुंग्याने पोखरलंय तेवढा भाग सोडा. फणसाला वाळवी सहसा शिवत नाही पण गोठ्यातला वासा म्हणजे टोकाला भिंतीत गेलेला भाग कुजलेला असतो, एक वीत कापूनच टाका. मग खिळे. जुन्या वाशात खिळे असतातच, एकेक शोधून काढा नाहीतर सॉमिलवाला पातं लावणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. कापून आणलेल्या फळ्या लगेच वापरू नका, घरात एकावर एक रचा आणि मध्ये बारीक पट्ट्या घाला म्हणजे सगळीकडून हवा लागेल, दोन तीन आठवडे राहू द्या. वरून वासा कितीही जुना असला तरी कापल्यावर आतलं लाकूड थोडं हलतं.

कडीला गोल फणसाची पट्टी द्यायचं मन होतं ते समजतं, माझंही झालं असतं, पण नका देऊ. गोलाईला तुकडे जोडावे लागतात, लाकूड पावसात आडवं फुगतं आणि मे महिन्यात आक्रसतं, प्लाय तसं हलत नाही, मग ते सांधे दरवर्षी उघडतात. फणस पायांना वापरा. पाय म्हणजे दोन घोड्या करा, आम्ही करवतकामाला करतो तशाच पण जरा नीटस, वरचा आडवा दांडा ३० इंच लांब, आणि तळाला खालून प्रत्येकी चार बोल्टने जोडा. बोल्ट स्टेनलेस किंवा पितळी, एमएसचे, म्हणजे साध्या लोखंडाचे, दोन वर्षांत गंजून अडकतात. घोडी टोकापासून फूटभर आत ठेवा म्हणजे टोकाला बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागणार नाही, काकांना टोकाला बसवा, तिथे पाय सर्वात मोकळे राहतात. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत ३० इंच धरा. कोब्याची जमीन सपाट नसते तर चारी पायांना खाली पेचाचे रबरी बूट लावा, फिरवून समतोल करता येतं आणि ओल पण लाकडात चढत नाही.

दोन्ही प्लाय मिळून चाळीसेक किलो होईल, उचलायला दोघं लागतील. कापलेल्या सगळ्या कडांना, बोल्टच्या भोकांना आतून सुद्धा, पॉलिशचे दोन हात द्या, प्लाय पाणी पितं ते कडेनेच. फणसाला रंग नको, नुसतं तेल किंवा पॉलिश, सुरुवातीला हळदीसारखा पिवळा दिसेल आणि मग वर्षागणिक तांबूस होत जाईल. आणि घोड्यांना फेव्हिकॉल लावाल तो पावसात सुकायला वेळ घेतो, शिकंजा लावून पूर्ण दिवस ठेवा, घाई करू नका.

पालशेतचा_बाळ्या

वासा ठोकला, एक टोक सोडून पूर्ण खणखणीत. सतरा खिळे निघाले, त्यातला एक हाताने घडवलेला चौकोनी आहे तो आजीने ठेवून घेतला. सॉमिलवर नेला तर पहिल्याच कापाला आत असा पिवळाधमक निघाला की तिथली चार माणसं बघायला आली. फळ्या माजघरात रचल्यात, मध्ये सुपारीच्या कामट्या घातल्यात.

प्लाय आणायला शनिवारी चिपळूणला जातोय, शिक्का बघूनच उचलतो. कापड हिरवं ठरलंय. काकांना काही सांगितलं नव्हतं पण फळ्या बघून त्यांनी विचारलंच, तेव्हापासून रोज संध्याकाळी येऊन एकेक फळी उलटी करून ठेवतात, म्हणतात दोन्ही बाजूंना सारखी हवा लागली पाहिजे. कुशनवाले दादा, रेक्झिनमध्ये मरून आणि तपकिरी दोन रंग मिळतायत, हाताच्या घामाने कुठला कमी खराब दिसेल तेवढं शुक्रवारच्या आत सांगा.

कुशनवाला_कणकवली

तपकिरी. आणि दाणेदार घ्या, चकचकीत नको, घामाने हात चिकटतो त्याला. फणसाच्या घोड्या तांबूस झाल्या की रंगही जुळेल. पिना मारताना अडलं तर फोटो टाका, बघतो.